त्याग, माया आणि घरातली माणसे

प्रश्न : सादर नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात राहतो. सहकारी बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्याला तीन वर्षे झाली. कॉलेजात असल्यापासून पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात जात आलो आहे आणि पहाटेचे सोऽहं ध्यान शक्यतो चुकवत नाही. अलीकडे मात्र मन घरात रमत नाही. नर्मदाकाठच्या एखाद्या आश्रमात कायमचे जाऊन राहावे, असे तीव्रतेने वाटते. आई शहाऐंशी वर्षांची असून अंथरुणाला खिळलेली आहे. तिचे सर्व काही माझी पत्नी करते. धाकटा भाऊ मुंबईस असतो. वडिलांच्या पश्चात हापूसच्या बागेवरून आम्हां भावांचे बोलणे थांबले आहे. बाग त्याच्या नावावर करून द्यावी आणि या सर्वांतून मोकळे व्हावे, असे मनात येते. आईवर माझा फार जीव आहे, पण ही मायाही शेवटी बंधनच आहे, असे वाचतो आणि ऐकतो. पत्नीला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुम्ही ठरवलंच आहे, तर मी काय सांगणार?" मी जावे की राहावे? आणि माया तोडल्यावाचून ज्ञान होत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. माया तोडल्यावाचून ज्ञान होत नाही, या समजुतीला आधार म्हणून बहुधा बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्यांचे वचन पुढे केले जाते: पती हा पतीसाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो, पत्नी, पुत्र आणि धन यांचेही तसेच. हे वचन सुटे ऐकले की सगळे प्रेम स्वार्थीच असते, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. पण ते कोणत्या प्रसंगी आणि कोणाला उद्देशून उच्चारले गेले, हे पाहिले पाहिजे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत. मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींमध्ये धनाची वाटणी करून देण्याची गोष्ट त्यांनी स्वतःहून काढली आहे, आणि ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू, असे मैत्रेयीने विचारले आहे. त्यावर ते तिला सर्वांत आधी म्हणतात की तू मला प्रिय होतीसच आणि आताही प्रियच बोललीस. ये, बस, तुला समजावून सांगतो. सर्व काही सोडून जाणाऱ्या त्या ऋषीला निघण्याच्या दिवशी पत्नीला प्रिय म्हणताना संकोच वाटला नाही. पुढच्या उपदेशातला आत्मा हा एकट्या याज्ञवल्क्यांच्या सुखदुःखापुरता नाही, तो मैत्रेयीतही आहे आणि सर्वांतच आहे. म्हणून त्या उपदेशाने प्रेम तुटत नाही, त्याला धरून बसलेले 'माझे' तेवढे सुटते.

येथे कात्यायनीचाही विचार करावा, असे मला फार वाटते. उपनिषद तिच्याविषयी थोडकेच बोलते आणि प्रवचनांतून तिचे नाव क्वचितच निघते. तरीही ती उद्या कशी राहील, याची व्यवस्था लावूनच याज्ञवल्क्य निघू पाहतात. आपल्या घरात कात्यायनीच्या जागी कोण आहे, हे मी सांगण्याची गरज नाही.

आता त्यागाकडे वळू. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन नेमका हाच विषय काढतो आणि श्रीकृष्ण त्यागाचे तीन प्रकार सांगतात. सातव्या श्लोकात म्हटले आहे की नेमून आलेले कर्म मोहाने टाकणे हा तामस त्याग होय. आठव्यात, कर्म दुःखदायक आहे म्हणून, शरीराला क्लेश होतील या भयाने ते टाकणे हा राजस त्याग सांगितला असून अशा माणसाला त्यागाचे फळ मिळत नाही, असे स्पष्ट बजावले आहे. नवव्यात, कर्तव्य म्हणून कर्म करीत राहून आसक्ती आणि फळ सोडणे याला सात्त्विक त्याग म्हटले आहे. आपण मोह घरात राहण्यात पाहता; गीता सातव्या श्लोकात तो सोडून जाण्यातही दाखवते. आपले जाणे मोहाचेच आहे, असे मी येथे बसून म्हणणार नाही. पण आईचे वाढते आजारपण, भावाशी धरलेला अबोला आणि बागेचा वाद हे सारे एकाच वेळी नकोसे झालेले असताना नर्मदेची ओढ तीव्र झाली आहे, ही गोष्ट आपल्या पत्रातच आहे. ती आपण ध्यानानंतर शांतपणे तपासावी.

आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या भूमीत या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे जगून दाखवलेली आहेत. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात बांद्याचे कुलकर्णीपण सांभाळीत होते. सावंतवाडीस जाताना इन्सुलीच्या घाटीत ते फणस खायला बसले असता नाथपंथाचे गुरू गहिनीनाथ यांनी तेथे दर्शन देऊन गरे मागितले, अशी कथा परंपरेत सांगतात. त्यानंतर त्यांनी कुलकर्णीपण सोडले. घर मात्र लगेच सोडले नाही. उत्तरेकडे ते गेले ते पुढे, उतारवयात. स्वामी स्वरूपानंदांचे चरित्र तर आपल्याला ठाऊकच आहे. १९०३ साली पावसला जन्मलेला हा पुरुष स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेला, पुण्याच्या बाबा वैद्यांकडून त्याला नाथपंथाचा अनुग्रह मिळाला, आणि मोठ्या दुखण्यातून उठल्यानंतर १९७४ साली देह ठेवीपर्यंत सुमारे चाळीस वर्षे तो पावसच्या देसायांच्या घरातच राहिला. ज्या समाधीपुढे आपण इतकी वर्षे बसत आलात, तेथील सिद्धपुरुषाने साधनेसाठी गाव सोडण्याची गरज मानली नाही. म्हणून कोणीच जाऊ नये, असा नियम मी यावरून करीत नाही. जाणारेही थोर होते. पण आपला ओढा ज्या गुरुपरंपरेकडे आहे, तिचा कल कोणीकडे आहे, हे आपण पाहावे.

माझे मत विचाराल, तर आई आहे तोवर आपण कायमचे जाऊ नये. आपण गेल्याने आपल्या खांद्यावरचे ओझे नाहीसे होणार नाही, ते पत्नीच्या खांद्यावर जाईल, आणि तिथे ते आजही आहे. ज्या त्यागाची किंमत दुसऱ्या माणसाला भरावी लागते, त्याला त्याग म्हणायला माझे मन तयार होत नाही. "तुम्ही ठरवलंच आहे, तर मी काय सांगणार?" या वाक्यात मला संमती ऐकू येत नाही. इतकी वर्षे संसार केलेल्या बाईला आपले मत विचारले जाणार नाही, अशी खात्री झालेली असते तेव्हाच ती असे बोलते. तेव्हा त्यांना पुन्हा विचारा. या वेळी जाण्याविषयी काही न ठरवता विचारा, आणि उत्तर यायला कितीही दिवस लागले तरी लागू द्या.

शुश्रूषेचा काही भाग आजपासून आपल्याकडे घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, अंग पुसावे लागते, कपडे आणि चादर कोरडी ठेवावी लागते, भरवताना डोके आणि पाठ उंच ठेवावी लागते. रात्रीची पाळी आपली ठेवा. पहाटेच्या ध्यानाला उठणाऱ्या माणसाला ते कठीण नाही. कधी ध्यानाच्या ऐन वेळी आई हाक मारील आणि आसन सोडून उठावे लागेल; तेव्हा मनात चीड आली तर ती आपल्या साधनेची खरी स्थिती सांगेल, आणि आली नाही तर तेही सांगेल. आईवरची माया बंधन केव्हा होते? आई अशीच राहावी, तिने मला ओळखावे, मी केलेले तिला कळावे, असा हट्ट जडतो तेव्हा. तो हट्ट सोडून केलेल्या सेवेत जे प्रेम उरते, ते सोडायला कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

बागेविषयी मला अधिक काळजी वाटते. फळावरचा हक्क सोडून कर्म कसे करावे, हे हापूसची बाग राखणाऱ्याला मी काय शिकवणार? पावसाळा सरल्यावर झाडांभोवतीची आळी साफ करायची, थंडी पडून मोहोर आला की तुडतुड्यासाठी फवारणी करायची, माकडांपासून राखण करायची, आणि एवढे सगळे करूनही फेब्रुवारीतल्या एका अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा आळ्यांपासून सुरुवात करायची. आपण हे आयुष्यभर केले आहे. परंतु बाग देऊन टाकण्याची आपली इच्छा ही त्या जातीची आहे का? भावाचे नाव निघाल्यावर घसा अजूनही आवळत असेल, तर बाग देऊनही राग आपल्यापाशीच राहील, आणि 'मी सगळे दिले' हा नवा अभिमान त्यात मिसळेल. आधी राग उतरू द्यावा, मग बागेचे पाहावे. व्यवहारापुरते इतकेच सांगतो की वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आईचाही हिस्सा असणार. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर मुलाप्रमाणे मुलीच्याही जन्मसिद्ध हक्काचा प्रश्न येतो, तो २००५ च्या कायदादुरुस्तीने मान्य केला आहे. आणि हक्कसोडपत्र नोंदणी झाल्याशिवाय पक्के होत नाही. जे एकट्या आपले नाही, ते आपल्याला सोडता येत नाही. कागद करण्यापूर्वी वकिलाला दाखवा आणि पत्नीचे राहते घर व उदरनिर्वाह यांना धक्का लागणार नाही, हे पाहा.

भावाला मात्र आत्ताच पत्र लिहा. त्यात बागेविषयी एक अक्षरही नको. आईची प्रकृती कशी आहे, ती कोणाची नावे घेते, एवढे लिहा आणि आठ-पंधरा दिवस येऊन तिच्याजवळ राहा, असे सांगा. तो आला आणि पत्नीलाही मान्य असेल, तर त्या दिवसांत आपण नर्मदेवर जाऊन यावे. आपल्या ओढीत सत्त्व असेल तर ती या अवधीने विझणार नाही. आईच्या पश्चात, पत्नीशी मोकळेपणाने बोलून आपण जायचे ठरवलेत, तर माझ्या मनात आपल्याविषयी आदरच असेल. आणि त्या वेळी त्यांनाही आपल्याबरोबर यावेसे वाटते का, हेही विचारून पाहावे.

प्रश्न : मी मालवणजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे, वय चौतीस. दोन वर्षांपूर्वी माझा घटस्फोट झाला. त्यानंतर विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले आणि आता रोज दोन वेळा बसते. आधीचे रडणे थांबले, पण त्याबरोबर सगळेच थांबले आहे. भाचा खेळायला आला तरी काही वाटत नाही, बाबांना दवाखान्यात ठेवले तेव्हाही काही वाटले नाही. आत्या म्हणते, हिला वैराग्य आले. हे वैराग्य आहे का?

उत्तर : मला तसे वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटत नसावे, म्हणूनच तुम्ही विचारले आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे येतात, तेथे द्वेष न करणे, मैत्री आणि करुणा ही आधी सांगून मग 'निर्मम', म्हणजे 'माझे'पण नसलेला, असे म्हटले आहे. पतंजलींनी योगसूत्रांत चित्त प्रसन्न होण्यासाठी सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद आणि अपुण्याविषयी उपेक्षा सांगितली. चौघांत उपेक्षेला एकच जागा आहे, तीही अपुण्यापुरती. आजारी वडील आणि खेळणारा भाचा तेथे बसत नाहीत. तुम्ही ज्या शिबिरात गेलात, त्याच्या अखेरीसही मैत्रीभावना शिकवतात. काही काळ रोजच्या बैठकीतला बराचसा वेळ तिलाच द्या, आणि बैठकीचा एकूण अवधी कमी करा.

तुमच्यावर मोठा आघात झाला आहे, आणि आघातानंतर मन असे बधिर होणे पुष्कळांच्या बाबतीत घडते. त्यात तुमच्या साधनेचा किंवा तुमचा काही दोष नाही. झोप, भूक आणि शाळेतले लक्ष यांत फरक पडला असेल, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नका. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ध्यान आणि औषध यांत विरोध नाही. डॉक्टरांना आपण ध्यान करतो हे सांगा, आणि ज्यांच्याकडे शिकलात त्या शिक्षकांनाही ही अवस्था सविस्तर कळवा. आत्यांना काही समजावून देण्याच्या भरीस मात्र सध्या पडू नका.