1916 मध्ये इराकमधल्या कुत-अल-अमारात वायरलेस चालू होता, मग तुर्कांच्या वेढ्यातल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याला रसद का मिळाली नाही?

वायरलेस शरणागतीपर्यंत चालला. अडलं ते बसरा बंदरात. तिथे खोल पाण्याचे धक्केच नव्हते. मुंबईहून आलेली जहाजं नदीत नांगरायची आणि माल होड्यांत उतरवावा लागायचा. पुढे कुतकडे जाणारी तैग्रिस नदी उथळ, वळणावळणाची. त्यात चालतील अशा आगबोटी मोजक्या. म्हणजे माणसं पुढे, तोफा नि धान्य मागे. बंदर तयार नसताना बगदादकडे कूच करणं हीच मूळ चूक.

एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकली. रोज 5,000 पौंड टाकायचं ठरलं होतं. दोन आठवड्यांत मिळून जेमतेम 16,800 पौंड पडलं, काही पोती थेट नदीत. 270 टन रसद घेऊन निघालेली 'जुल्नार' ही आगबोट तुर्कांनी पकडली. 29 एप्रिलला शरण गेलेल्यांत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणीही होत्या.