शेतालगतचा ओढा हिरवा का होतो? तुमच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ओढ्याकाठी जमीन असणाऱ्या काही जणांनी या वेळी एकाच विषयावर तीन प्रश्न पाठवले आहेत. पहिला असा: जंगलातून येताना ओढा नितळ असतो, आमच्या शेतांपाशी आला की शेवाळाने हिरवा होतो. खत तर आम्ही मातीत घालतो, मग ते पाण्यात येते कुठून? दुसरा: ओढा खोल व सरळ करून काठची झुडपे काढावीत का? आणि तिसरा: आम्ही फक्त शेणखत वापरतो, आमचा यात काय संबंध?

शेवाळालाही पिकासारखेच नत्र लागते, आणि युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत त्याचा आधी अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार आणि मातीच्या बारीक कणांवर ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. पण वाफशावरच्या हवेशीर जमिनीत जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, माती त्याला फारसे धरत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. म्हणून ते वाहून जाताना तुमच्या नजरेस पडत नाही. मुळांच्या खाली उतरते आणि पाझरातून, पाऊस थांबून कित्येक दिवस झाल्यावरही, ओढ्यात येत राहते. एका हेक्टरातून १० किलो नत्र असे निसटले तर त्याचे ४४ किलो नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. या ४४ किलो नायट्रेटने जवळपास ९ लाख लिटर स्वच्छ पाणी या मर्यादेला टेकते.

दोष एकट्या खताचा मात्र नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक इथे १९६५ साली एका छोट्या पाणलोटातले सगळे जंगल तोडले आणि पुढे तणनाशक मारून तिथे काही उगवू दिले नाही. खताचा एक दाणाही टाकलेला नव्हता. तरी तिथल्या ओढ्यातले नायट्रेट शेजारच्या न तोडलेल्या जंगलाच्या तुलनेत चाळीसपटीहून वर गेले. मातीतला पाला-काडी कुजत राहिला, नत्र सुटत राहिले, पण ते उचलायला मुळ्याच नव्हत्या. तुमचे रान पीक निघाल्यावर उघडे पडते तेव्हा लहान प्रमाणात हेच घडते. काढणीनंतर लगेच तागासारखे किंवा कोणतेही झटपट वाढणारे पीक टाका. खताचा सगळा डोस लावणीलाच न देता पिकाच्या वाढीप्रमाणे हप्त्यांनी द्या, आणि मोठा पाऊस येणार असेल तर हप्ता दोन-चार दिवस पुढे ढकला.

आता ओढा खोल करण्याविषयी. माझे स्पष्ट मत आहे, करू नका. लहान ओढ्यात पाणी उथळ असते, त्यामुळे त्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब तळाला आणि काठाला घासून जातो. पाण्यातला एखादा दगड उचलून बोट फिरवा, जो बुळबुळीत थर लागतो तो जिवाणू आणि शेवाळाचा आहे. तो पाण्यातले नत्र उचलतो. मग काठावर, झाडांच्या सावलीत, हातभर खोल खणून बघा. वर तपकिरी माती, खाली करडी-निळसर, मध्ये गंजासारखे ठिपके आणि कुजक्या पानांचा वास असेल तर तिथे हवा पोचत नाही. अशा जागी जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन हवेत परत जाते. याला विनत्रीकरण म्हणतात. त्यांना खाद्य लागते ते पडलेल्या पानांचे आणि मुळ्यांचे. झुडपे काढली की खाद्य गेले. ओढा खोल केला की काठची ओल उतरली आणि हा थर कोरडा पडला. ओढा सरळ केला की पाणी न थांबता पुढच्या गावाला गेले. वर ऊन पोचल्याने शेवाळ आणखी फोफावते. ते नत्र उचलते खरे, पण मेले की बरेचसे परत पाण्यात सोडते.

ओढ्याच्या या कामालाही मर्यादा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ७२ ओढ्यांत ओळखू येईल असे जड नत्र (नेहमीच्या नत्राहून किंचित जड अणूंचे) सोडून त्याचा माग काढला होता. जंगल, शेती, शहर, तिन्ही प्रकारच्या जमिनींतले ओढे त्यात होते. जिथे नायट्रेट आधीच जास्त, तिथे ओढा त्यातला कमी हिस्सा काढू शकला. म्हणजे भार वाढत जातो तसा ओढा मागे पडतो. शिवाय विनत्रीकरणात थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो, आणि तो वातावरण तापवणारा वायू आहे. म्हणून नत्र रानातच अडवणे पहिले, काठचा पट्टा दुसरा.

काठालगत गवत आणि झाडांचा पट्टा राखा. पाझर मुळ्यांच्या थरातून गेला पाहिजे. खोल वाळूतून खालच्या खाली गेला तर पट्टा रुंद असूनही फायदा थोडाच. निचऱ्याचा चर किंवा नळी थेट ओढ्यात काढली असेल तर पाणी पट्ट्याला वळसा घालून जाते. चराचे तोंड पट्ट्याच्या अलीकडेच, गवताळ खोलगट जागेत सोडा. ही चूक फार ठिकाणी दिसते.

शेणखताचे थोडक्यात: त्यातले नत्रही शेवटी नायट्रेटच होते, फक्त सावकाश, आणि रानात पीक नसतानाही. ढीग ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर, झाकून ठेवा. जनावरे ओढ्यात न उतरवता पाणी बाहेर काढून पाजा.

तुमच्या शेताच्या वर आणि खाली, एकाच दिवशी, स्वच्छ बाटलीत पाण्याचे दोन नमुने घ्या. थंड ठेवून लगेच तपासायला द्या. अहवालात आकडा ‘नायट्रेट’चा आहे की ‘नायट्रेट-नत्रा’चा, ते नीट बघा, पहिल्याचे ५० म्हणजे दुसऱ्याचे सुमारे ११. दोन्ही आकडे, आधीच्या आठवड्यातला पाऊस आणि खत दिल्याची तारीख कळवा, म्हणजे तुमच्या रानापुरते हप्त्यांचे वेळापत्रक ठरवता येईल.