प्रकरणं लीगची नकोत, संघाची हवीत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो ट्रूपर्स या बायकांच्या फुटबॉल संघाचा इतिहास लिहायला घेतलास, हे छान झालं. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू आणि अंगावर जाऊन पाडायचा खेळ म्हटलं की कबड्डी. त्यामुळे बायकांचा टॅकल फुटबॉल म्हणजे काय, हे सुरुवातीलाच सांगावं लागेल. ते चार ओळींत उरक: प्रत्येक बाजूला ११ जणी, १०० यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन, चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. नियमांवर दोन पानं खर्च केलीस, तर संघ मैदानात उतरायच्या आत वाचक उठून जाईल.

तुझ्या आराखड्यात मला एकच मोठी चूक दिसते. तू प्रकरणं लीगप्रमाणे पाडली आहेस. या खेळात लीगइतकी बेभरवशाची गोष्ट दुसरी नाही. क्लीव्हलंडचा सिड फ्रीडमन हा कलाकारांची कामं ठरवणारा एजंट. १९६७ साली त्याने बायकांचा फुटबॉल काढला तो तमाशबिनांना गंमत म्हणून. ट्रूपर्स १९७१ मध्ये त्याच्याच पंखाखाली उभे राहिले आणि पुढे वेगळे झाले. १९७४ मध्ये नॅशनल विमेन्स फुटबॉल लीग आली. डॅलस ब्लूबॉनेट्स, डेट्रॉइट डीमन्स, लॉस एंजेलिस डँडेलायन्स हे त्यातले ट्रूपर्सचे सोबती. १९७९ नंतर ट्रूपर्स संपले. पुढे १९९९ ला विमेन्स प्रोफेशनल फुटबॉल लीग निघाली. म्हणजे फ्रीडमनच्या जुन्या लीगचंच नाव, पण नातं काही नाही. २००० च्या आसपास आणखी दोन लीग आल्या, २००९ मध्ये विमेन्स फुटबॉल अलायन्स. मिनेसोटा व्हिक्सन हा संघ यातल्या तीन लीगमधून गेला आणि नाव तेच राहिलं. लीगप्रमाणे लिहिशील तर अशा संघाचे तीन तुकडे होतील, आणि प्रत्येक तुकड्यात संघ नव्याने जन्मल्यासारखा वाटेल. तेव्हा पाठीचा कणा संघ. लीग ही त्याची भाड्याची घरं समज. दाखले, म्हणजे माहिती कुठून घेतली त्याच्या नोंदी, लिहिताना लीगचं नुसतं आद्याक्षरी नाव कधीच लिहू नकोस. पूर्ण नाव आणि शेजारी साल, दोन्ही हवं. २००९ चीच लाँजरी फुटबॉल लीग ही सात जणींची, दिखाऊ कपड्यांतली, वेगळीच गोष्ट आहे. शोधताना तिची कात्रणं भरपूर येतील. ती बाजूला काढ.

स्थापनेचं साल म्हणूनही एकच आकडा देऊ नकोस. संघ जमवायचं ठरलं ते साल, कागदोपत्री नोंदणी झाली ते साल, पहिला सामना झाला ते साल, असे तीन रकाने कर. वॉशिंग्टनचा संघ डीसी दिवाज: त्या २००० मध्ये जमल्या, पहिला हंगाम खेळल्या २००१ मध्ये. दोन्ही आकडे छापलेले सापडतात आणि दोन्ही बरोबर आहेत. तुझ्या मसुद्यात 'टायटल नाइनमुळे हे संघ निर्माण झाले' असं वाक्य आहे, ते खोड. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा तो अमेरिकी कायदा जून १९७२ चा, ट्रूपर्स १९७१ चे. शिवाय कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लागू, आणि १९७५ च्या नियमांनी धक्काबुक्कीच्या खेळांना सवलत दिली, त्यात फुटबॉल होताच. वाक्य ऐकायला गोड आहे म्हणून सगळे तेच उतरवून काढतात.

आता वर्तमानपत्रं. टोलेडोच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा विभाग आहे, तिथे 'टोलेडो ब्लेड'पासून सुरुवात कर. संगणकावर नुसतं 'ट्रूपर्स' टाकशील तर महामार्ग पोलिसांच्या बातम्यांचा ढीग पडेल, कारण तिकडे राज्य पोलिसांनाही ट्रूपरच म्हणतात. 'डँडेलायन्स' टाकलंस की बागकाम, ओक्लाहोमा सिटीच्या 'डॉल्स' शोधल्यास की बाहुल्या. म्हणून संघाच्या नावाबरोबर प्रशिक्षकाचं किंवा खेळाडूचं आडनाव जोड: ट्रूपर्सचा प्रशिक्षक बिल स्टाउट, खेळाडू लिंडा जेफरसन. 'पावडर पफ' हा शब्दही टाकून बघ. बायकांच्या फुटबॉलला हिणवणारा तो शब्द अपमानास्पद आहे, पण त्या काळचे बातमीदार तो सर्रास वापरायचे. आणि क्रीडापानावर थांबू नकोस. अशा संघांच्या बातम्या बऱ्याचदा पाककृती आणि लग्नांच्या बातम्यांशेजारी, महिलांच्या पानावर जायच्या. ते पान सूचीत घेतलेलं असेलच असं नाही. हंगामातली मायक्रोफिल्म सोमवार ते रविवार पूर्ण फिरवायची, दुसरा उपाय नाही.

गुणसंख्येबाबत कुणावरही विश्वास ठेवू नकोस, मीही त्यात आलो. ट्रूपर्सचे ६१ विजय आणि ४ पराभव हा आकडा सगळीकडे छापला जातो. तू तो उतरवू नकोस, मोजून काढ. प्रत्येक सामन्याची एक ओळ: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, गुण, अधिकृत की प्रदर्शनी, आणि दाखला. दाखला शक्यतो दोन्ही गावांच्या वर्तमानपत्रांतला घे, कारण हरलेल्या गावात बातमी छोटी असते पण बऱ्याचदा अचूक असते. १९७६ मध्ये ओक्लाहोमा सिटी डॉल्सनी ट्रूपर्सना हरवलं, तो सामना ओक्लाहोमाच्या पानांत वाचल्याशिवाय लिहू नकोस.

हिशेबाची एक सवय लाव. समजा कात्रणात चार क्वार्टर्सचे गुण ०, ७, ६, ८ आणि एकूण २० असं छापलंय. बेरीज २१ होते. मग कुठलं चुकलं? टचडाउनचे (चेंडू एंड झोनमध्ये नेला की) ६, त्यानंतरच्या लाथेचा १ किंवा धावून-फेकून २, फील्ड गोलचे (लाथेने चेंडू खांबांमधून गेला की) ३, सेफ्टीचे (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडलं की) २. खाली बातमीत कुणी काय केलं ते दिलेलं असतं, त्यावरून गुण पुन्हा उभे कर. शेवटी ८ म्हणजे टचडाउन आणि दोनाचा प्रयत्न साधला. बातमीत त्या प्रयत्नाचा उल्लेख सापडला तर २१ खरे. नाही सापडला तर दोन्ही आकडे लिही आणि पुढे जा. अंतिम गुण १-० दिसले तर तो खेळलेला सामनाच नाही, प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून बहाल झालेला आहे. महाविद्यालयीन नियमात अशा सामन्याला १-० देतात, एनएफएल या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये २-०. हौशी संघांत असे सामने बरेच, कारण बसभाडं जमलं नाही की संघ यायचाच नाही. ते विजयांत धरायचे की नाही हे एकदा ठरव आणि प्रस्तावनेत सांग.

खेळाडूंची नावं हे आपल्या लोकांना पटकन समजणारं दुखणं: माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, घटस्फोटानंतर परत माहेरचं. जुन्या कात्रणांत कधी फक्त 'मिसेस' आणि नवऱ्याचं नाव. एकाच खेळाडूच्या यादीत तीन वेगळ्या खेळाडू होऊ द्यायच्या नसतील तर किल्ली म्हणून 'हंगाम + जर्सीचा क्रमांक' वापर आणि सगळी नावं त्याखाली जोड. पण क्रमांक दरवर्षी बदलू शकतो, हे विसरू नकोस. समूहछायाचित्रावरून क्रमांक लावताना पाठची आणि पुढची बाजू दोन्ही तपास. उसन्या जर्सीवर शिवलेला आकडा निघालेला असतो, कधी टेप लावलेली असते.

मुलाखतीला जाताना 'तुम्हाला कसं वाटलं' हा प्रश्न घरी ठेव. विचार: शोल्डर पॅड कुठून आले? हेल्मेट कुणाचं होतं? रुग्णवाहिकेचे पैसे कोणी दिले? सरावाच्या मैदानावर दिवे होते का? या प्रश्नांना बायका खुलतात आणि उत्तरं तपासता येतात. पैशाचा मुद्दा तर मुख्य. ट्रूपर्स स्वतःला व्यावसायिक म्हणायचे आणि सामन्याला २५ डॉलर मिळायचे, असं सांगितलं जातं. त्यात पोट भरत नाही; सगळ्या दिवसा दुसरीकडे कामाला. आजच्या संघांत तर खेळाडूच वर्गणी भरतात. लिंडा जेफरसनला 'विमेनस्पोर्ट्स' मासिकाने १९७५ ची सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं, हे जरूर लिही, पण तिच्या शेजारी हे २५ डॉलर असू देत. आजच्या नफाविरहित संघांचे करविवरण सार्वजनिक असतात. मात्र वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत असेल तर फक्त एक इलेक्ट्रॉनिक पोस्टकार्ड भरलेलं असतं, त्यात आकडे नसतात. त्यावर दिवस घालवू नकोस.

शेवटचं आणि घाईचं. कुणाच्या माळ्यावर १६ मिलिमीटरच्या फिल्मचा डबा सापडला तर तो आधी बंद खोलीबाहेर नेऊन उघड. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. प्रोजेक्टरला लावायची नाही, आकसलेली भोकं दात्यांत फाटतात. डबा थंड, कोरड्या जागी, इतर फिल्म्सपासून लांब ठेव आणि स्कॅन करणाऱ्याकडे दे. चांगली असली तरी घरी चालवायची घाई नको. ४०० फुटांचं रीळ २४ फ्रेमच्या वेगाने सुमारे ११ मिनिटं चालतं, आणि प्रशिक्षकासाठी चित्रण करणारा प्रत्येक खेळीनंतर कॅमेरा बंद करायचा, म्हणून एका सामन्याची तीन-चार रिळं निघतात. त्यांचे डबे अदलाबदल झालेले असतात. झाकणावरच्या चिठ्ठीवर विसंबू नकोस, पहिल्या काही फ्रेम्समधला गुणफलक बघ.

या आठवड्यात एवढंच कर: १९७६ च्या हंगामाचे सगळे सामने एका तक्त्यात. झाला की पाठव, मग पहिल्या प्रकरणाचं बोलू.

कळावे.