हजार पौर्णिमा आणि १ जून

प्रिय बाळा,

शाळेत रजेचा अर्ज द्यायचा आहे आणि कारण काय लिहायचं, इथे तू अडलास. 'आईच्या गुरुजींचं सहस्रचंद्रदर्शन' असं मी सांगितलं, तर तू लगेच विचारलंस: हजार पौर्णिमा मोजल्या कुणी? आणि गुरुजी आपले कोण लागतात? जेवता जेवता सांगून संपण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून देते.

आधी हिशेब, कारण तो तुला आवडेल. हजार चंद्र कुणी गच्चीवर बसून पाहत नाही. माणूस ८० वर्षं आणि साधारण १० महिन्यांचा झाला की त्याच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन गेलेल्या असतात. वर्षाला १२ धरल्या तर ८० वर्षांच्या ९६०. वरच्या दहा महिन्यांच्या १०. झाल्या ९७०. उरलेल्या ३० कुठून आल्या? अधिक महिन्यांतून. आपलं पंचांग चंद्रावर चालतं, त्याचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ती तूट भरायला १९ वर्षांत सात महिने जादा घालतात. २०२३ साली दोन श्रावण आले होते, ते त्यामुळेच. असे ८० वर्षांत जवळजवळ ३० महिने जमतात. घाल बेरीज.

आता ही मोजणी सुरू कुठून करायची? जन्मतारखेपासून. गुरुजींची जन्मतारीख कागदोपत्री १ जून १९४३ आहे. माझ्या वडिलांची, म्हणजे तुझ्या आबांची, १ जून १९५७. आबांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जूनच. माणदेशातल्या आपल्या गावात तेव्हा पोर कधी जन्मलं ते 'पेरणीच्या आधी' किंवा 'थोरल्या पुरानंतर' असं सांगायचे. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून पटावर नाव घालताना गुरुजी सहा वर्षं मागे मोजून १ जून लिहून टाकत. आणि सहा वर्षं पूर्ण झाली हे कसं ठरवायचं? उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटं कानाला टेकली की पोरगं पहिलीत. तू आत्ता करून बघ. आबा १९६३ साली या परीक्षेत पास झाले. वीस वर्षांचे गुरुजी त्याच वर्षी नोकरीला लागले होते. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, त्यांच्या पहिल्यावहिल्या शिक्षकांपैकी ते एक.

म्हणजे आबांचा वाढदिवस आपण ज्या दिवशी केक कापून करतो, तो त्यांना गुरुजींनी दिलेला आहे. नात्याला तू काय नाव देशील ते मला माहीत नाही, पण परकं तरी म्हणता येणार नाही.

आपल्या भागात पाऊस कमी, शेती बेभरवशाची. पुष्कळ घरांतले पुरुष गलाईच्या धंद्याला परमुलखात जायचे, सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम ते. मागे राहिलेल्या बायकांना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर कार्डं घेऊन बायका बसलेल्या असत. ते वाचून दाखवत, उत्तर लिहून देत. मनीऑर्डर किती आली, कुणी पाठवायची थांबवली, कुणाच्या नवऱ्यानं तिकडे कर्ज केलं, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. एवढ्या वर्षांत त्यातला एक शब्द बाहेर फुटला नाही. मला त्यांच्या शिकवण्याइतकंच याचं मोल वाटतं.

१९७२ च्या दुष्काळात आबा पंधरा वर्षांचे होते. नववी सोडून पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होते. आबा तेव्हा गुरुजींच्या शाळेत राहिलेही नव्हते, हायस्कूलला गेले होते. तरी गुरुजी सायकलवरून कामावर आले, मुकादमाशेजारी उभे राहून त्यांनी शाळेतून गळालेल्या मुलांची यादी केली आणि एकेकाच्या घरी गेले. सगळी मुलं परत आली नाहीत. आबा आले. पुढे ते एसटीत कंडक्टर झाले, त्या पगारावर मी शिकले, आणि म्हणून आज आपण स्टॉकहोममध्ये आहोत. तुझ्या अर्जातल्या कारणाची ही एक ओळ समज.

दुसरी ओळ माझी. दिवाळी झाली की धनगरांची घरं मेंढरं घेऊन कोकणात उतरत, ती पावसाळ्याच्या तोंडावर परतत. त्यांच्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता, गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्षी गुरुजींनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. नाव गुरुजींचं झालं, पण दोन वेळची भाकरी गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी थापली, त्याच्या तापात त्याच जागल्या. सहस्रचंद्रदर्शनाला दोघांनाही शेजारी शेजारी पाटावर बसवतात, ते मला फार योग्य वाटतं.

सातवीनंतर माझी शाळा थांबणार हे घरात ठरल्यासारखंच होतं. हायस्कूल तालुक्याला, आजीचा विरोध. गुरुजी आले ते हायस्कूलचा प्रवेश अर्ज आणि एसटीच्या सवलतीच्या पासाचा अर्ज, दोन्ही स्वतःच्या अक्षरात भरून घेऊन आले. आबांसमोर कागद ठेवला, शाईचं पेन उघडून हातात दिलं आणि म्हणाले, "इथं सही कर." आबांना ते आजही अरे-तुरे करतात. आबांनी सही केली. आजी आठ दिवस कुणाशी बोलली नाही.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. सुरुवातीच्या काळात त्यांच्या हातात छडी असे आणि ती चालत असे. आबांनी खाल्ली आहे. माझ्या वेळेपर्यंत त्यांनी ती आपण होऊन सोडली होती, कुणी सांगितलं म्हणून नाही. छडी चूकच होती. शिकवणाऱ्यानं स्वतःला बदललं, याचा मला अभिमान आहे.

२००१ च्या ३१ मेला ते निवृत्त झाले. १ जूनला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या दिवशीच निवृत्त होतो, त्यामुळे महाराष्ट्रात त्या तारखेला शाळाशाळांतून निरोप समारंभ असतात. गुरुजींनी निरोपाचा नारळ घेतला आणि जूनमध्ये शाळा भरली तेव्हा सकाळी सातला ओसरीवर फळा टांगला. फी नाही. ती ओसरी अजून भरते.

तू विचारलंस, व्हिडिओ कॉल का नाही चालणार? ऐकू कमी येतं त्यांना, आणि त्यांना माणूस जवळ लागतो. तुझ्या शाळेत तुम्ही शिक्षकांना पहिल्या नावानं हाक मारता, त्यातला मोकळेपणा मला आवडतो. तिकडे मात्र तू वाकून नमस्कार कर, काकूंनाही. केस पिकलेली माणसं रांगेत उभी राहून वाकताना दिसतील. कुणी गलाईचं दुकान बंद ठेवून कोईमतूरहून आलेला असेल, कुणी मेंढरं भावावर सोपवून. कणकेच्या दिव्यांनी ओवाळतील, मग गुरुजींची वह्यांनी तुला होईल. तराजूच्या एका पारड्यात गुरुजी बसतील, दुसऱ्यात वह्या. त्यांनी सोनं-नाणं, शाल, फेटा, सगळ्याला नाही म्हटलं, तेव्हा मुलांनी वह्यांवर त्यांना राजी केलं. वजन असेल त्यांचं पन्नास-बावन्न किलो. वह्या नंतर शाळेला जातील.

ते तुला पाढा विचारतील, हे नक्की. बाराचा नाही, औटकी विचारतील, म्हणजे साडेतीनचा. साडेतीन दुणे सात, साडेतीन त्रिक साडेदहा, साडेतीन चोक चौदा. दहापर्यंत पाठ कर, अडलास तर ते पुढचं सांगतात, रागावत नाहीत.

अर्जात लिही: 'आजोबांच्या आणि आईच्या शिक्षकांचा सत्कार.' मुख्याध्यापकांना कळेल. आणि वह्या इथून नेऊ नकोस. बाजारपेठेतल्या दुकानातून तुझ्या पैशांनी घे, दुरेघी आणि चौरेघी. पहिलीच्या मुलांना त्याच लागतात.

तुझी,
आई