फोटो टाकण्याआधी एक सकाळ डब्यांपाशी उभे राहा

तुम्ही लिहिलंय की ६० घरांच्या तुमच्या इमारतीत सहा महिने ओला-सुका कचरा वेगळा करण्यासाठी धडपड चालू आहे. फलक लावले, व्याख्यान ठेवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, तरी निम्म्याहून जास्त घरांच्या पिशव्या मिसळलेल्याच येतात. आता अशा पिशव्यांचे फोटो घर क्रमांकासह ग्रुपवर टाकायचे आणि दंड लावायचा, असं समितीच्या मनात आहे.

कृपा करून महिनाभर थांबा. मी हे काम अकरा वर्षं करतेय आणि यातल्या दोन्ही गोष्टी करून पस्तावलेय.

आधी तुमच्या फलकाबद्दल. ‘आपल्या इमारतीतली बहुतेक घरं कचरा वेगळा करत नाहीत, ही खेदाची बाब आहे’ असा मजकूर तुम्ही दिलाय. वाचणाऱ्याच्या मनात यातला खेद राहत नाही, ‘बहुतेक घरं करत नाहीत’ एवढंच राहतं. म्हणजे आपण चारचौघांसारखेच आहोत, मग बिघडलं काय? अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘आधी आलेल्या अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाची हानी झाली आहे’ अशा पाटीखालून ७.९२ टक्के तुकडे गेले. ‘लाकूड नेऊ नका’ एवढंच सांगणाऱ्या पाटीखालून १.६७ टक्के. तळमळीने लिहिलेली पाटीच चोरीला हातभार लावत होती. तुमचा तो फलक आजच काढा.

मग लिहायचं काय? खरा आकडा, पण वाढता. ‘गेल्या महिन्यात २२ घरं करत होती, आता २७ करतात.’ करणारे अजून कमी असले तरी चालतं, संख्या वाढतेय हे दिसलं की माणूस त्या दिशेला वळतो. आकडा फुगवू मात्र नका. एकदा खोटेपणा उघडा पडला की पुढचं काहीच खरं वाटत नाही.

यात एक खाचखळगा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावच्या घरांना त्यांचा वीजवापर शेजाऱ्यांच्या सरासरीशी तुलना करून कळवला होता. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण आधीपासून काटकसर करणाऱ्यांचा वाढला! सरासरी कळल्यावर तेही तिकडे सरकले. याच काटकसरी घरांपैकी काहींच्या कागदावर आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला होता. त्यांचा वापर मात्र कमीच राहिला. तेव्हा जी घरं आज नीट करताहेत त्यांना गृहीत धरू नका. त्यांच्या दारावर जाऊन ‘तुमच्यामुळे सोपं जातंय’ असं सांगून या. चुकणाऱ्यांच्या मागे लागताना आपण हे नेहमी विसरतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आमच्या इमारतीत व्याख्यान झालं तेव्हा सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी एक शेजारीण होती. तिचीच पिशवी मिसळलेली सापडायला लागली आणि मला राग आला. एका सकाळी मी जिन्याखाली नुसती उभी राहिले. ती उतरली, खांद्यावर मुलाचं दप्तर, एका हातात मुलाचा हात, दुसऱ्या हातात दोन पिशव्या. ओल्या कचऱ्याचा डबा जिन्यालगत उघडा. सुक्याचा पलीकडे गाड्यांच्या मागे, त्याला जड झाकण, उघडायला दोन हात हवेत. तिने त्या डब्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि दोन्ही पिशव्या जवळच्या डब्यात टाकून निघाली. तिला पर्यावरणाची काळजी नव्हती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

आम्ही डबे शेजारी-शेजारी आणले आणि सुक्याचं झाकण काढलं. लांबलचक यादीऐवजी डब्यावर खऱ्या वस्तूच चिकटवल्या: रिकामं पाकीट, बाटलीचं बूच, तुटलेला कंगवा. तेलकट कागद कुठे टाकायचा, यावर घरोघरी गोंधळ होता. तो ओल्यात, असं एकदाचं ठरवून टाकलं. सहा महिन्यांच्या फलकांनी झालं नव्हतं ते यामुळे पंधरा दिवसांत दिसायला लागलं. कचरा नेणारी गाडी दोन्ही डबे एकत्र ओतत नाही ना, हेही बघा. गॅलरीतून एकाने जरी ते पाहिलं तरी सगळ्यांचा उत्साह मावळतो, आणि त्यात त्यांची चूक नाही.

दंडाचं म्हणाल तर इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अनुभव ऐका. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर जवळपास दुप्पट झाला. आधी ताटकळणाऱ्या बाईंसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं, आता पैसे भरले की मन मोकळं. पुढे दंड काढून घेतला तरी उशीर कमी झाला नाही. पैशाचा उपयोग होतच नाही असं मी म्हणत नाही. आयर्लंडमध्ये २००२ साली प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंटची आकारणी आली आणि पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. पण तिथे दर वेळी पिशवी घेतानाच प्रश्न समोर येत होता, आणि घरची पिशवी नेणं हा पर्याय सोपा होता. तुमच्याकडे दंड महिनाअखेरीला येणार आणि सोपा पर्याय अजून तयारच नाही. सामायिक पाणी, कुरणं, जंगलं पिढ्यान्पिढ्या नीट सांभाळणाऱ्या गावांचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला, ज्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथे त्यांना दिसलं की नियम लोकांनी स्वतः ठरवलेले असतात आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते, पुढे पायरीपायरीने वाढते. दंड आणायचाच तर असा आणा, आणि सगळ्यांना बसवून ठरवा.

फोटोंना माझा ठाम विरोध आहे. ज्याचा फोटो लागतो तो कचरा वेगळा करायला लागत नाही, तो ग्रुपवर बोलायचं बंद करतो. वर रोज पाच फोटो दिसले की बाकीच्यांना पुन्हा तोच संदेश जातो, ‘कोणीच करत नाही’. म्हणजे तुमचा जुना फलकच, आणि आता नावानिशी.

त्याऐवजी प्रत्येक मजल्यावर एक असा माणूस शोधा जो आधीपासून करतोय आणि ज्याचं शेजाऱ्यांशी बरं आहे. त्याने दारोदार जावं. शेजारी स्वतः येऊन बोलला तर नुसत्या पत्रकापेक्षा कितीतरी जास्त घरं तयार होतात, हे माझ्या अनुभवात आहे आणि अभ्यासातही दिसलंय. त्याने ‘कराल ना?’ असं विचारू नये, त्याला सगळे हो म्हणतात. ‘दुसरा डबा घरात कुठे ठेवणार? खाली कोण नेणार, किती वाजता?’ असं विचारावं. वेळ आणि जागा ठरली की संकल्प तडीस जाण्याची शक्यता खूप वाढते. नव्याने राहायला आलेल्यांना तर पहिल्याच आठवड्यात भेटा. घर बदलताना जुन्या सवयी सैल झालेल्या असतात, पुढे त्या पुन्हा घट्ट बसतात.

तुमचे दोन डबे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत आणि झाकण कसं उघडतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उद्या सकाळी गर्दीच्या वेळी अर्धा तास तिथे उभे राहा, कोणालाही काही न बोलता. काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं ठरवू.