एकाच शेतात वरच्या अंगाला खडे जास्त, खाली कमी, असं का?

मुख्य कारण उतार. पावसाचं पाणी बारीक माती खाली वाहून नेतं, खडे जागेवरच राहतात. त्यामुळे वरची जमीन उथळ आणि खडकाळ, खालची खोल आणि भारी. मोठ्या प्रमाणावरही हेच दिसतं: डोंगरातून बाहेर पडताच नदी आधी गोटे टाकते, मग वाळू, आणि बारीक गाळ सगळ्यात लांब नेते. म्हणून गाळाच्या सपाट मैदानात नांगराला खडा सहसा लागत नाही.

मातीशास्त्रात २ मिलिमीटरपेक्षा मोठा कण म्हणजे खडा. आकारमानाने खडे १५ टक्क्यांवर गेले की जमीन खडेयुक्त, ३५ च्या पुढे अति खडेयुक्त धरतात.

आता एक गोष्ट बरेच जण विसरतात. प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून तपासतात, म्हणजे अहवालातले आकडे फक्त बारीक मातीचे. शेतात ३० टक्के खडे असतील तर मुळांना प्रत्यक्षात माती ७० टक्केच मिळते. ओलही साधारण त्याच हिशोबाने कमी.

सगळे खडे वेचून काढू नका मात्र. पृष्ठभागावरचे बारीक खडे बाष्पीभवन आणि धूप दोन्ही कमी करतात. नांगराचे फाळ मोडणारे गोटे तेवढे काढा.