प्रश्न तुमचे : गिटारच्या गर्दीत रॅपरचा शब्द

प्रश्न : मी बरीच वर्षं रॅप ऐकतो. अलीकडे सेज फ्रान्सिसचा 'लाइफ' हा अल्बम ऐकला. लिहिलंय जबरदस्त, पण मागे गिटार आणि खरे ड्रम्स. माझा भाऊ म्हणतो, हा रॅप नाहीच, रॉक गाण्यांवर कुणीतरी बोलतंय. मलाही काही गाण्यांत शब्द नीट कळत नाहीत. दोष माझ्या कानांचा की अल्बमचा?

उत्तर : तुमचे कान ठणठणीत आहेत. भावाचं मात्र मला मुळीच पटत नाही. यमक कुठे जुळवायचं, श्वास कुठे घ्यायचा, शब्द तालाच्या किंचित पुढे टाकायचा की मागे रेंगाळू द्यायचा, हे सगळं सेज फ्रान्सिस इथेही रॅपरसारखंच करतो. बदललंय ते त्याच्या मागचं संगीत.

हा अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सचा माणूस. २००० साली त्याने 'स्क्रिबल जॅम' या हिपहॉप महोत्सवातली बॅटल, म्हणजे रॅपरांची समोरासमोरची शब्दांची लढत, जिंकली, आणि 'स्ट्रेंज फेमस' ही रेकॉर्ड कंपनी स्वतः उभी केली. 'लाइफ' मे २०१० मध्ये 'अँटी' या कंपनीकडून आला. त्यातल्या चाली इंडी रॉकवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून दूर राहून रॉक करणाऱ्यांच्या : डेथ कॅब फॉर क्यूटी या बँडचा ख्रिस वॉला, ग्रँडॅडीचा जेसन लायटल, कॅलेक्सिको हा बँड, स्पार्कलहॉर्सचा मार्क लिंकस, शिवाय फ्रेंच संगीतकार यान टिअरसन. निर्माता ब्रायन डेक, ज्याने मॉडेस्ट माउस आणि आयर्न अँड वाइन या इंडी मंडळींबरोबर काम केलंय. लिंकस तर अल्बम यायच्या दोनच महिने आधी वारला. त्यामुळे हा अल्बम मला जास्तच जिवाभावाचा वाटतो.

आता शब्द बुडण्याबद्दल. मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं एकमेकांत बसवणं, हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते. नेहमीच्या हिपहॉप बीटमध्ये, म्हणजे रॅपमागच्या संगीतात, तळाला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस असतो, वरती हाय-हॅट (झांजांची जोडी), आणि मधली जागा बरीचशी मोकळी. ती रॅपरच्या आवाजासाठी. व्यंजनं स्पष्ट कळायला साधारण २ ते ४ किलोहर्ट्‌झचा, म्हणजे बऱ्यापैकी उंच ध्वनींचा, पट्टा फार महत्त्वाचा, आणि डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेली, इलेक्ट्रिक गिटार नेमकी तिथेच येऊन बसते. गायकाचं निभावतं, कारण तो स्वर लांबवतो. एखादं व्यंजन झाकलं गेलं तरी ओळ कळते. रॅपर एकेका मात्रेत तीन-चार अक्षरं टाकतो. त्यातली दोन गिटारखाली गेली की वाक्यच गेलं. दुसरं असं, की हिपहॉपमधला लूप, म्हणजे संगीताचा छोटा तुकडा, तोच तोच फिरत राहतो, कान त्याला सरावतो आणि सगळं लक्ष शब्दांवर राहतं. इथे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलतात, कोरस, म्हणजे ध्रुवपद, आला की ड्रमर जोर लावतो, आणि लक्ष पुन्हा वाद्यांकडे जातं.

रॅपरच्या आवाजाची पातळी वाढवून हे सुटत नाही. ओळ चालू असताना गिटारवाल्याने हात आवरायचा आणि ओळ संपल्यावरच्या फटीत वाजवायचं, हाच खरा उपाय. 'लाइफ'मध्ये सगळीकडे तो केलेला नाही. काही ठिकाणी सेज ओळीत फार शब्द कोंबतो आणि वाद्यंही मागे सरत नाहीत. तो दोष मी अल्बमच्याच पदरात घालीन.

पण 'लिटल हुडिनी' पुन्हा ऐका. मरणाच्या दारात असलेल्या आईला भेटायला तुरुंगातून पळालेल्या माणसाची गोष्ट आहे, खऱ्या घटनेवरून घेतलेली. ती सारखी पुढे सरकत असते, त्यामुळे शब्द निसटला तरी धागा सुटत नाही. आणि शेवटचं 'द बेस्ट ऑफ टाइम्स' तर मला या अल्बमचं सोनं वाटतं. टिअरसनची सुरावट साधी, फिरून फिरून येणारी, म्हणजे वृत्तीने लूपच्या जवळची. तिच्यावर थर चढत जातात, आणि सेज शाळकरी वयापासूनच्या आठवणी सांगत राहतो, लाज वाटावी अशासुद्धा. बॅटलमध्ये समोरच्याला नामोहरम करणारा माणूस इथे कुणालाही हरवायला निघालेला नाही. मागे नुसता बीट असता तर तो इतका हळवा झाला असता असं मला वाटत नाही.

भावाला मात्र 'लाइफ'पासून सुरुवात करायला लावू नका. आधी २००५ चा 'अ हेल्दी डिस्ट्रस्ट' ऐकवा. त्यातल्या 'सी लायन'मध्ये विल ओल्डहॅम हा गिटारवर गाणारा गायक-गीतकार आहे, म्हणजे गिटारवाल्यांशी सेजची मैत्री तेव्हापासूनची.

प्रश्न : माझी मुलगी रॅप लिहिते. तिच्या ओळखीचा एक रॉक बँड तिच्याबरोबर गाणी करायला तयार आहे. पहिल्या सरावाआधी तिला काय सांगू?

उत्तर : पहिल्या दिवशी गिटारचे अँप बंदच राहू देत. तिने फक्त ड्रमरबरोबर ओळी म्हणाव्यात आणि श्वासाच्या जागा ठरवाव्यात. दम पुरत नसेल तिथले शब्द तिनेच काढावेत, बँडने वेग कमी करून तिला सांभाळून घेऊ नये. मग एकेक वाद्य आत येऊ दे. शेवटी सगळं फोनवर रेकॉर्ड करून, गाणं आधी न ऐकलेल्या मैत्रिणीला ऐकवा आणि ऐकलेल्या ओळी लिहून काढायला सांगा. जिथे ती अडेल तिथली गिटार कमी करायची.